माझ्या नावाचा भात

देवबागहून मालवणला जाणाऱ्या एसटीत बसलं की डावीकडे समुद्र असतो आणि उजवीकडे खाडी. मधे वाळूची अरुंद पट्टी, तिच्यावर माड, घरं आणि आम्ही. पंचवीस वर्षांपूर्वी त्या गाडीच्या पायरीवर मी उभी होते. हातात बॅग होती आणि पायाशी आईनं कोंबलेली पिशवी. बार्शीच्या एका शाळेत मला गणिताची शिक्षिका म्हणून नोकरी लागली होती. बार्शी नेमकी कुठे हे आमच्या वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं, 'घाटावर' एवढं सगळ्यांना पुरत होतं. आमच्या लेखी घाट चढला की पुढे नागपूरपर्यंत सगळं सारखंच.

बाबा किनाऱ्यावरून जाळं ओढता ओढता तसेच आले होते, अंगावर ओला पंचा घेऊन. म्हणाले, "नोकरी गावली मा? मगे रडतंस कित्याक?" मी रडत नव्हते, रडत होते ते. आईला मात्र रडायला सवड नव्हती. तिला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. "थंयचा पाणी कसला ता ठावक नाय. पयलो भात वायच करून बघ. नाय शिजलो तर पाणी बदल." गाडी हलली तरी ती खिडकीच्या बरोबरीनं चालत होती आणि तांदूळ किती वेळ भिजवायचा ते सांगत होती. एरवी भर बाजारात मासळीचा वाटा लावताना चार बायकांना गप्प करणारी माझी आई, त्या दिवशी तिच्याकडे मला द्यायला तेवढीच एक गोष्ट उरली असावी.

भात शिजला नाही. बार्शीचं बोअरचं पाणी एवढं जड, की आमचा उकडा तांदूळ तासभर रटरटून बाहेरून चिकट आणि आतून खडा राहायचा. मी चार-आठ दिवस तो तसाच गिळला. ज्यांच्या घरात खोली घेतली होती त्या मावशी एकदा दारातून डोकावल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "आजारी हाईस का गं पोरी? रोजच भात खातीस?" त्यांच्याकडे भात म्हणजे लग्नाच्या पंगतीत, नाहीतर ताप आल्यावर. माझ्यासमोर त्यांनी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा ठेवला. पहिला घास मी शिष्टपणे खाल्ला. चवथ्या भाकरीला मावशीच म्हणाल्या, "बास कर, पोट दुखंल."

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना हे सांगून पटणार नाही, पण तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना लगेच कळेल. माणूस गाव सोडतो तेव्हा भाषा बदलते, कपडे बदलतात, ते सगळं चार लोकांत होतं आणि त्याची सवय होते. खरं वेगळेपण ताटात कळतं. मी पाच-सहा वर्षांत पक्की बार्शीकर झाले. शाळेतल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं, हुरड्याला जायला लागले, 'कालवण' म्हणायला लागले. नवऱ्यानं शनिवारच्या बाजारातून ज्वारी आणली की दाणा दाताखाली फोडून 'मालदांडी नाही ही' असं ठसक्यात सांगायलाही शिकले. आईचा फोन यायचा, "काय जेवलंस?" मी सांगायचे, दोन भाकऱ्या आणि पिठलं. मग ती विचारायची, "ती न्हेरी झाली. जेवलंस काय?" भाकरी म्हणजे तिच्या दृष्टीनं सकाळची न्याहारी, तीही तांदळाची. ज्यात भात नाही ते जेवण नव्हे. मी हसायचे आणि विषय बदलायचे.

आता मागे वळून बघते तेव्हा आमचं लहानपणीचं खाणं आठवून छाती दडपते. सकाळी दहाला पेज, दुपारी भात आणि बांगड्याचं तिखलं, रात्री पुन्हा भात. सणाला घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, म्हणजे पुन्हा तांदूळच, फक्त वेश बदललेला. बाबांच्या ताटातला भात बघून परका माणूस घाबरला असता. पण बाबा पहाटेपासून जाळं ओढायचे. आई डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायची आणि पावसाळ्याआधी सुकी मासळी घेऊन कसालपर्यंत जाऊन भाताचं पोतं बदलून आणायची. खाल्लेलं सगळं घामातून निघून जात होतं. वाडीत कोणाला साखरेचा आजार आहे असं मी लहानपणी ऐकलंच नाही. असेलही कोणाला, पण तपासत कोण होतं?

आज तीच वाडी ओळखू येत नाही. घराघरावर पाट्या आहेत, होम स्टे, एसी रूम, स्कूबा, बनाना राईड. जाळं ओढायला माणसं मिळत नाहीत आणि मासळी विकायला टेम्पो येतो. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आमच्या आयांच्या डोक्यावरची पाटी उतरली याचा ज्याला खेद वाटतो त्यानं ती पाटी एकदा डोक्यावर घेऊन बघावी. पण पाटी उतरली तरी ताट तेवढंच राहिलं, आणि हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

बाबा जाऊन सात वर्षं झाली. माझा भाऊ दिनेश बायको आणि मुलीसह कुवेतला असतो. आई देवबागच्या घरात एकटी, वय अडुसष्ट. तिला बार्शीला आणायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती पंधराव्या दिवशी खिडकीशी बसून "हंय वारो खंयसून येता?" असं विचारायला लागली आणि मीच तिचं तिकीट काढलं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी शेजारच्या सुनंदाकाकीचा फोन आला. ओहोटीला आई खाडीत कालवं काढायला गेली होती. कालवाची शिंपी पात्यासारखी धारदार असते, तिनं उजव्या पायाचं बोट कापलं होतं. तीन आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती आणि आई कोणाला सांगत नव्हती. मी फोन केला तर म्हणाली, "माका काय झाला नाय. वायच कालव लागला." मी त्याच दिवशी निघाले.

मालवणच्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि आधी साखर तपासली. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला. उपाशीपोटीच एवढी असेल तर जेवल्यावर विचारूच नका, असं म्हणाले. मग त्यांनी आईला शांतपणे समजावलं. भात विष नाही, पण तो पोटात गेला की लवकर साखर होतो. बसून राहणाऱ्या माणसानं दिवसाला तीन वेळा पोटभर भात खाल्ला तर शरीर ती साखर जिरवू शकत नाही. गोळ्या देतो, पण भात कमी झालाच पाहिजे, सोबत नाचणी खा, कडधान्य खा, चाला. आई सरकारी कचेरीत बसावं तशी ताठ बसली होती. तिनं आपलं ठेवणीतलं मराठी काढलं. "हो डॉक्टर. कमी करते." मला वाटलं, बरं झालं, हिनं ऐकलं.

त्यानंतर अडीच महिने मी रोज फोनवर एकच प्रश्न विचारत होते, आणि रोज तेच उत्तर मिळत होतं. "आये, भात कमी केलंस?" "केलंय गो. तुझी शप्पत." माझी आई खोटी शपथ घेणारी बाई नाही. पण जखम भरत नव्हती. एकदा खपली धरली आणि पुन्हा सुटली. जानेवारीत तपासणीला काकी सोबत गेली तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की साखर होती तिथेच आहे आणि बोट काळं पडायला लागलंय. असंच राहिलं तर बोट काढावं लागेल, आणि बोटावर थांबेल याची खात्री देता येत नाही. काकीनं मला हे सांगितलं तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर त्रैराशिक अर्धं सोडून मी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज दिला.

घाट उतरताना मी फक्त चिडत होते. गोळ्या चुकत असणार, नाहीतर चोरून शिरा खात असणार, नाहीतर होम स्टेवाले शेजारी पाहुण्यांचं उरलेलं गोडधोड आणून देत असणार. मनातल्या मनात सगळ्यांची उलटतपासणी घेऊन झाली. घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी आल्याचा तिला आनंद झाला, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा कामाला लागली. तांदळाचा डबा उघडा होता. ती डोळे अर्धवट मिटून टोपात तांदूळ घालत होती. एक मूठ, मग ओठ हलले. दुसरी मूठ, पुन्हा ओठ हलले. मी गणिताची बाई, माझ्याकडून आपोआप मोजलं गेलं. सहा मुठी पडल्या. एकट्या बाईसाठी सहा मुठी!

"आये, हो कसलो भात कमी केलंस?" माझा आवाज चढला. "सहा मुठी घातलंस तू!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच काहीतरी अभद्र केलं. "मोजतंस कित्याक? माणसां मोजूची नसतत." मग तिनं ज्या समजुतीनं लहान पोराला सांगतात त्या समजुतीनं मला सांगितलं. आमच्या घरात तांदूळ मापानं घालायची रीत नाही. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, ज्याची त्याची मूठ ज्याच्या त्याच्या नावानं घालायची. माणसं मोजली की नजर लागते, म्हणून आकडा म्हणायचा नाही, नाव घ्यायचं. घरात सून आली की नाव वाढतं, पोर जन्मलं की वाढतं. आणि नाव गळतं ते फक्त एकाच वेळी. आजी गेली तेव्हा तेराव्यानंतर तिची मूठ थांबली. बाबा गेले तेव्हा त्यांची थांबली. एवढी वर्षं त्या घरात वाढून मला हे माहीत नव्हतं, कारण मी स्वयंपाकघरात कमी आणि पुस्तकात जास्त होते.

"मगे ही सा कोणाची?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. माझी, माझ्या नवऱ्याची, माझ्या मुलाची. दिनेशची, त्याच्या बायकोची, त्यांच्या मुलीची. त्या मुलीनं देवबाग आयुष्यात दोनदा पाहिलंय.

"आणि तुझी?"

"माझी मी काढलंय," आई अभिमानानं म्हणाली. "डाक्टरान सांगितल्यान त्याच दिवसापासून. माझी मूठ घालूक नाय हां एकव दिवस."

मी पाटावर बसले. हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. बाईनं खरोखरच शपथ पाळली होती. स्वतःच्या वाट्याचा भात तिनं एका दिवसात बंद केला होता. मग जेवतेस काय, असं विचारलं तर म्हणाली, "तुमचो उरता तो खातंय." आणि टाकत का नाहीस, कावळ्यांना, मांजराला का घालत नाहीस? घालते ना, पण कावळे असे किती खाणार? पूर्वी जाळ्यावरची माणसं जेवायला यायची, बाजारातून येणारी एखादी बाई टेकायची, उरायचं नाही. आता वाडीत कोणाच्या घरी भात कमी पडतो? आणि अन्न टाकायचं नसतं. तेव्हा सकाळी त्याची पेज, दुपारी भात, रात्री उरलेला भात. सात वर्षं माझी आई आमच्या सहाजणांच्या वाट्याचं जेवत होती. आम्ही बाहेर पडलो, नोकऱ्या केल्या, घरं बांधली, आणि आमचं ताट मागे तिच्या पुढ्यात ठेवून गेलो.

मला फार राग आला. माझ्यावर आला होता, निघाला तिच्यावर. मी म्हटलं, "काढ. उद्यापासून माझी मूठ घालायची नाही. माझं नाव गाळ." रागात मी प्रमाण मराठीत बोलते, वर्गातल्यासारखं.

आईचा चेहरा उतरला. "तू काय मेलंस, तुझा नाव गाळूक?"

"आये, बोट कापतील तुझं! पाय जाईल!"

"जांवदे. माझो पाय गेलो तर चलात. हंय मी तुझी मूठ घालूक नाय, तर तू थंय उपाशी ऱ्हवतलंस."

"मी उपाशी नाही! मी रोज जेवते!"

"खंय जेवतंस? थंय तुझ्या नावाचो भात कोण शिजयता? थंय तर भाकरी." तिचा आवाज बारीक झाला. "दिनेशाची बायल निदान भात तरी शिजयता. तुझा तर थंय कायच नाय."

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. पंचवीस वर्षं मी फोनवर हसून ज्या प्रश्नाचा विषय बदलत होते, त्याचं उत्तर तिनं आपल्या परीनं रोज दिलं होतं. लेक घाटावर गेली, जिथं भातच नाही, तिथं तिच्या नावाची मूठ पडायची सोयच नाही. मग ती इथेच पडायला हवी. तिला डायबेटिस समजावायला गेलेली मी, आणि जे समजायचं होतं ते माझंच राहिलं होतं. मी बाहेर जाऊन पडवीत बसले आणि खरं सांगते, भरपूर रडले.

दुसऱ्या दिवशी मी बार्शीला सासूबाईंना फोन लावला. माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या, अजून रोज चुलीपुढे, म्हणजे आता गॅसपुढे, भाकरी थापतात. त्यांच्या माहेरी-सासरीही साखरेचे पेशंट आहेत, तेव्हा ज्वारी खाल्ली म्हणजे सुटलो असल्या भ्रमात त्या नाहीत. "दिसभर पारावर बसून आठ कप च्या ढोसल्यावर भाकरी तरी काय करंल?" हे त्यांचं वाक्य आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "फोन दे विहीणबाईंला."

मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. या दोघी आयुष्यात चार वेळा भेटल्या असतील, आणि एकमेकींची भाषा त्यांना अर्धीच कळते.

"विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या लेकीची काळजी करू नगा. आमच्यात भात नसंल, पर भाकरी हाय की. मी काय पीठ मापून घेती व्हय? एकेकाच्या नावानं गोळा घेती. तुमच्या लेकीच्या दोन, जावायाच्या तीन, नातवाच्या दोन. पयली भाकरी तव्यावर पडती ती तुमच्या लेकीच्या नावानं. तिला साळंत जायचं असतं ना लवकर."

आई फोनकडे बघत राहिली. "रोज नाव घेतास?"

"रोज."

"आजारी आसलंत तरी?"

"आजारी असलं तरी. मी न्हाई तर माझा ल्योक थापंल, त्याला शिकवलंय."

हे शेवटचं तर धादांत खोटं होतं, माझ्या नवऱ्याला चहासुद्धा धड येत नाही. पण आईनं ते ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मगे बरा. मगे माका घोर नाय." मी पुढे झाले आणि दिनेशलाही फोन लावला. वहिनी म्हणाली, "आये, हंय रोज कुकरात भात आसता. आमचो आमी घालतो." आईनं तेही ऐकून घेतलं. मग ती आत गेली, डबा उघडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे आता माझी घालूक होयी."

त्या दिवशी टोपाच्या तळाशी तिच्यापुरते तांदूळ पडले. ती त्यात बघून म्हणाली, "हो काय भात? अक्षता ह्यो." मी त्यात जेमतेम माझ्यापुरते घातले, पाहुणी म्हणून. संध्याकाळी मालवणहून एक छोटं पातेलं आणलं, नाचणीचं पीठ आणलं आणि काकीला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यानं चालायचं, पण वाळूत अनवाणी नाही, असं आईकडून कबूल करून घेतलं. तिनं चपलेला नाक मुरडलं, पण घातली.

बार्शीला परतल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, खरंच तुम्ही आमच्या नावानं भाकरी थापता?"

त्या परातीतलं पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आजपासनं थापती की."

आणि त्या थापायला लागल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकताना त्यांचे ओठ हलतात, मी बघितलंय.

आता मनातली एक गोष्ट सांगते. जे बाहेर पडलेत त्यांनाच ती कळेल. ज्या गोष्टीसाठी मी भांडले, ती मिळाल्यावर मला वाईट वाटलं. शाळेत तास चालू असताना अचानक मनात यायचं, आता अकरा वाजले, आई डबा उघडत असेल आणि माझी मूठ घालत नसेल. मला ठाऊकही नव्हती अशी एक जागा देवबागच्या त्या टोपात माझ्यासाठी पंचवीस वर्षं होती. ती सापडली आणि त्याच दिवशी मी ती स्वतःच्या तोंडानं काढून घेतली. मी आईला हे बोलले नाही. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मूठ घातली असती.

मार्चपर्यंत तिची साखर उतरली. एकदम नाही, पण प्रत्येक तपासणीला थोडी थोडी. भात कमी झाला, गोळ्या नियमित झाल्या, चालणं झालं, नेमकं कशानं किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही आणि डॉक्टरही सांगत नाहीत. बोटाचा काळेपणा गेला, जखम आतून भरत आली. आई आता सुनंदाकाकीलाच भात कमी करण्यावर भाषण देते, असं काकी मला फोनवर सांगते. दिनेशनंही तिकडे तपासून घेतलं. त्याची साखर काठावर आहे. एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणारा आमचा दिनेश अजून बाबांच्या मापानं भात जेवत होता.

एप्रिलमध्ये कोल्हापुरात पेपर तपासायचं काम होतं. ते एक दिवस आधी संपलं. बार्शीची गाडी धरायची ती मी मालवणची धरली. कोणाला कळवलं नाही. देवबागच्या स्टॉपवर उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. आईनं दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच गोंधळला.

"अगो बाय, सांगान येवचा नाय? माझा जेवान झाला!"

मी आत डोकावले. छोटं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. कढीचं भांडं रिकामं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात पोचले आणि चुलीवर, ताटाखाली झाकलेला, डब्यात ठेवलेला, असा कुठेच भात नव्हता.

"वायच बस, भात ठेवतंय," ती म्हणाली आणि झपझप आत गेली. मी तिच्या पायाकडे बघत होते. चपला घातलेले दोन्ही पाय सारखे पडत होते, उजवा जराही न लंगडता, न दुखता. मग ती डबा उघडून थांबली आणि वळून मला विचारलं, "किती जेवतलंस गो?"

हा प्रश्न आमच्या घरी पाहुण्यांना विचारतात. घरच्या माणसाला कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "तू जेवतंस तेवढोच."

तिनं मूठ भरली. भात शिजायला अर्धा तास लागला. भुकेल्या पोटी मी त्या घराच्या उंबऱ्यावर पाहुणीसारखी वाट बघत बसले होते, आणि माझी आई दोन धड पायांवर माझ्यासाठी इकडून तिकडे चालत होती.